चौथीच्या वर्गाचा ब्लॉग सुरू केला, पण मुलं लिहीत नाहीत. काय चुकतंय?

चौथीच्या_बाई

नमस्कार. माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे, ३४ मुलं. वहीत लिहिलेलं फक्त मी वाचते, तपासते, सही करते आणि वही कपाटात जाते. त्याऐवजी मुलांचं लिखाण एकमेकांनी वाचावं, घरच्यांनी वाचावं आणि त्यातून त्यांना पुन्हा लिहावंसं वाटावं, म्हणून सत्राच्या सुरुवातीला वर्गाचा ब्लॉग उघडला.

पहिल्या आठवड्यात 'माझा आवडता प्राणी' हा विषय दिला. ३४ नोंदी आल्या. त्यातल्या २१ कुत्र्यावर, आणि त्या २१ पैकी बहुतेक 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे' इथून सुरू होणाऱ्या. रात्री बसून मी सगळ्यांचं शुद्धलेखन नीट केलं, टाइप केलं आणि ब्लॉगवर टाकलं. मुलांनी एकमेकांना प्रतिसाद दिले: 'छान', 'खूप छान', 'मस्त'. दुसऱ्या आठवड्यात 'माझी शाळा' दिलं, १९ नोंदी. तिसऱ्या आठवड्यात ७. गेल्या आठवड्यात २, आणि त्यातली एक घरच्या कुणीतरी लिहून दिलेली होती हे वाचताक्षणी कळत होतं.

मुलांकडे सांगायला काही नाही असं मुळीच नाही. मधल्या सुट्टीत एक मुलगा मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात ओढत घेऊन गेला. मुंग्यांनी एक मेलेला नाकतोडा भिंतीवरून वरच्या भोकाकडे चढवायला घेतला होता. "बाई, तीनदा पडला! आणि तिसऱ्यांदा पडला ना, तेव्हा सगळ्या मुंग्या खाली आल्याच नाहीत. चारच आल्या. बाकीच्या वरच थांबल्या!" दहा मिनिटं हातवारे करत सांगत होता. मी म्हटलं, अरे हेच लिही की ब्लॉगसाठी. दुसऱ्या दिवशी त्याने वही आणली. त्यात होतं: 'मुंगी हा मेहनती प्राणी आहे. आपण मुंगीकडून मेहनत शिकली पाहिजे.' नाकतोडा नाही, भिंत नाही, त्या चार मुंग्याही नाहीत. ते वाचून मला फार वाईट वाटलं.

शुद्धलेखन सुधारून टाकायचं की मुलांनी लिहिलंय तसंच ठेवायचं? ज्यांच्या घरी फोन किंवा संगणक सहज मिळत नाही त्यांचं काय करायचं? आणि वर्गात एक मुलगी जवळजवळ बोलतच नाही. खरं सांगायचं तर ब्लॉगचा विचार तिच्यामुळेच डोक्यात आला होता, बोलत नसली तरी लिहील असं वाटलं होतं. तिची आजवर एकही नोंद नाही. कुणी असा ब्लॉग चालवला असेल तर कृपया सांगा.

जुनी_दौत

बाई, तुमचा प्रश्न वाचला आणि माझं पहिलं वर्ष डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी २२ वर्षं तिसरी-चौथीला शिकवते आहे, त्यातली शेवटची सहा वर्षं वर्गाच्या ब्लॉगसह. पहिल्या वर्षी माझाही ब्लॉग तुमच्यासारखाच दोन महिन्यांत ओस पडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या मुंग्यांबद्दल. तो मुलगा तुमच्याशी बोलला तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं होतं. वही उघडल्यावर मात्र 'बाईंना काय हवंय' हे तो आठवायला लागला, आणि त्याला आठवली ती निबंधातली मुंगी. 'माझा आवडता प्राणी' म्हटलं की मुलांना उत्तर आधीच पाठ असतं. कुत्रा इमानी, गाय उपयुक्त, मुंगी मेहनती. त्यात वाचणाऱ्याला नवीन काही कळत नाही आणि हे मुलांनाही ठाऊक असतं. म्हणून तर प्रतिसादात 'छान'च्या पुढे कुणी जात नाही. पुढे जायला तिथे काही नसतंच.

मी विषय देणं बंद केलं. सोमवारी सकाळी पहिली पंधरा मिनिटं 'काय पाहिलं?' एवढंच विचारते. ज्याला सांगायचंय तो उभा राहून सांगतो, बाकीचे प्रश्न विचारतात आणि मी फळ्यावर त्याची वाक्यं तो बोलतो तशीच लिहीत जाते. माझे शब्द घालत नाही.

एक उदाहरण देते. एका मुलाने लिहून आणलं: 'माझा दात पडला. मला आनंद झाला.' दोन ओळी, संपलं. त्या त्याने वर्गात वाचून दाखवल्या आणि मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. कुठे पडला? रक्त आलं का? आता तो कुठे आहे? दाखव ना! त्याने कंपासपेटी उघडून दाखवली. मग जागेवर बसला आणि पुढचं लिहिलं: 'दात मी कंपासपेटीत ठेवला आहे. पेटी हलवली की तो वाजतो. गणिताच्या तासाला मी दोनदा वाजवला. बाईंना वाटलं खोडरबर पडलं.' त्या नोंदीवर ११ प्रतिसाद आले, आणि एकातही 'छान' हा शब्द नव्हता. एकीने लिहिलं होतं, 'माझा दात गिळला गेला. तो आता कुठे असेल?' त्यावर पुढे आठवडाभर चर्चा.

ही कल्पना माझी नाही, आणि ती इंटरनेटहून खूप जुनी आहे. सेलेस्तँ फ्रेने नावाचे फ्रेंच शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलता येत नसे. १९२० साली दक्षिण फ्रान्समधल्या बार-सुर-लू या गावी ते शिकवायला लागले. ते मुलांना बाहेर फिरायला नेत, मुलं काय काय पाहिलं ते सांगत, आणि त्यातूनच वर्गाचं वाचन-लेखन उभं राहत असे. १९२४ च्या सुमारास त्यांनी वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतःचा मजकूर शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांनी, एकेक अक्षर जुळवून छापत आणि ती पानं दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेला पाठवत. तिथल्या मुलांची पानं यांच्याकडे येत. एकेक खिळा उलटा धरून जुळवायचा म्हणजे किती चिकाटी लागत असेल! पण आपलं पान दूरवरची मुलं वाचणार आहेत हे त्यांना माहीत होतं. तुमचा ब्लॉग म्हणजे तेच यंत्र आहे, फक्त मुलांना अजून पलीकडची शाळा दिसलेली नाही.

आता शुद्धलेखनाबद्दल, आणि हे मला मनापासून सांगायचं आहे. पहिल्या वर्षी मीही सगळं सुधारूनच टाकत असे. एका मुलीने लिहिलं होतं: 'आजी फोनवर खूप मोठ्याने बोलते कारण काका लांब राहतो.' मी ते केलं, 'आजीला कमी ऐकू येत असल्यामुळे ती फोनवर मोठ्याने बोलते.' घाईत होते, वाक्य मला चुकीचं वाटलं, दुरुस्त केलं आणि पुढच्या वहीकडे वळले. संध्याकाळी तिने घरी ब्लॉग उघडला आणि आईला म्हणाली, "हे मी नाही लिहिलं." दुसऱ्या दिवशी तिच्या आईने मला हे सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज. ती मुलगी त्या सत्रात पुन्हा लिहिती झाली नाही. लांबच्या माणसाशी बोलायला आवाज मोठा लागतो, हे तिचं तिने शोधलं होतं. मी ते पुसलं. आजही ती वही मला आठवते.

तेव्हापासून नियम एकच: मुलाच्या वाक्याला माझा हात लागत नाही. काय सुधारायचं ते ते मूल स्वतः सुधारतं. सुधारण्यासाठी दोघांची जोडी करते. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं, आणि लिहिणाऱ्याने फक्त ऐकायचं. राहिलेला शब्द, न दिलेला पूर्णविराम, दोनदा आलेलं 'आणि मग', हे सगळं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की चटकन कळतं. वाचणारा अडखळला की लिहिणारा लगेच पेन्सिल उचलतो.

व्याकरण_वर्ग

जुनी दौत यांचं म्हणणं पटतं, पण पूर्ण नाही. वहीतली चूक वहीत राहते. ब्लॉगवरची चूक ३४ मुलं वाचतात, त्यांचे पालक वाचतात. छापल्यासारखं अक्षर दिसलं की मुलांना ते बरोबरच वाटतं. एकाने 'शाळेत जातांना' लिहिलं आणि ते ब्लॉगवर तसंच राहिलं, तर पुढच्या आठवड्यात दहाजण 'जातांना' लिहितील. आणि पालक विचारतात ते शिक्षकाला: तुमचं लक्ष कुठे होतं? मी पाचवीला शिकवतो. तिथे आलेल्या मुलांच्या लिखाणात ऱ्हस्व-दीर्घ पार कोलमडलेलं असतं. 'आनंदाने लिहिलं' एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही.

जुनी_दौत

सर, तुमची काळजी रास्त आहे, आणि ब्लॉगवर शेवटी जाणारी प्रत स्वच्छ असावी हे मलाही मान्य आहे. माझा आग्रह एवढाच की ती स्वच्छ करणारा हात मुलाचा असावा आणि एका वेळी एकच गोष्ट हाताळावी. पंधरा दिवस एकच नियम. उदाहरणार्थ, मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ: पाटी, खिडकी, वाळू, चेंडू. ते पंधरा दिवस मी बाकी कशालाही हात लावत नाही. नियम लागू होतो का ते मुलं एकमेकांच्या नोंदींत शोधतात.

ऱ्हस्व-दीर्घाचा खरा उपयोग त्यांना कळला तो एका प्रतिसादातून. एकाने लिहिलं, 'खेळताना माझं शीर दुखावलं.' दुसरीने खाली विचारलं, 'डोकं की नस?' शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. त्या एका वेलांटीने वाचणारीचा गोंधळ झाला, हे त्याला समोर दिसलं. लाल शाईने मी शंभरदा गोल केला असता तरी एवढं ठसलं नसतं.

पालकांसाठी ब्लॉगच्या वरच्या भागात एक ओळ कायम ठेवली आहे: 'इथलं लिखाण मुलांनी स्वतः लिहून स्वतः सुधारलं आहे.' त्यानंतर कुणी विचारलं नाही.

संगणक_कक्ष

मी शाळेत संगणक शिकवतो. दोन-तीन गोष्टी तांत्रिक बाजूने, कारण त्या आधी नीट लावल्या नाहीत तर नंतर मनस्ताप होतो.

मुलांची स्वतंत्र खाती उघडू नका. बहुतेक सेवा १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. खातं एकच, बाईंचं. मुलांची पूर्ण नावं नकोत, आडनावं नकोत, चेहरा दिसणारे फोटो नकोत. प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यावं. मुलं ते फार आवडीने निवडतात. 'ब्लॉगर' या गूगलच्या ब्लॉग-सेवेवर असाल तर तिथे वाचकांसाठी तीन पर्याय आहेत: सगळ्यांसाठी खुला, फक्त लेखकांसाठी, किंवा निवडक वाचकांसाठी. तिसरा निवडा. प्रतिसाद तुम्ही मंजूर केल्याशिवाय दिसणार नाहीत अशी सोय चालू ठेवा. फोनने काढलेल्या फोटोत जागेची नोंद दडलेली असू शकते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती आधीच बंद करा. पालकांची लेखी संमती घ्याच. अमेरिकेचा १९९८ चा कायदा १३ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, भारताचा २०२३ चा कायदा तर १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी.

घरी साधन नसलेल्या मुलांचा प्रश्न शाळेतच सोडवावा लागतो. घरून लिहून आणायचं असं ठेवलंत की अर्धा वर्ग पहिल्याच दिवशी बाहेर पडतो. आमच्याकडे वर्गात एकच संगणक आहे. रोज दोन मुलांची पाळी, प्रत्येकाला वीस मिनिटं. बाकीच्यांच्या वहीच्या पानाचा फोटो काढून तसाच चढवतो. मुलांना स्वतःचं अक्षर पडद्यावर पाहायला आवडतं, त्यामुळे टाइप केलेलं आणि हाताने लिहिलेलं यांत उच्च-नीच राहत नाही.

टायपिंगचं एक निरीक्षण सांगतो. चौथीच्या मुलांना इंग्रजी अक्षरं वापरून मराठी उमटवायला लावू नका. 'सूर्य' लिहायला त्यांना आधी इंग्रजी स्पेलिंग मनात जुळवावं लागतं आणि वाक्य हातातून निसटतं. इनस्क्रिप्ट कळफलक शिकवा. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनं, वर्गवारीने. साधारण तीन आठवड्यांत बोटं बसतात. एका मुलीला वहीत रफार नेहमी चुकीच्या अक्षरावर द्यायची सवय होती. 'सूर्य' टाइप करताना तिने स, मग दीर्घ उकार, मग र, मग हलन्त, मग य दाबलं. आणि पडद्यावरचा तो र उडी मारून य च्या डोक्यावर जाऊन बसला. ती थांबली. पुसून पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग म्हणाली, "सर, म्हणजे र आधीच असतो, फक्त दिसतो नंतर!" त्यानंतर तिने 'वर्ग', 'मार्ग', 'आश्चर्य' असे सुचतील तेवढे शब्द करून पाहिले. वाक्य अर्धंच राहिलं त्या दिवशी, पण मी टोकलं नाही.

दोघांची_आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे. माझा मोठा मुलगा तिसरीत असताना त्यांच्या वर्गात असाच ब्लॉग होता. तिथे प्रत्येक नोंदीखाली किती जणांनी पाहिलं आणि किती जणांना आवडलं ते आकडे दिसायचे. माझा मुलगा हळू लिहितो. चार ओळींना त्याला अर्धा तास लागतो. त्याच्या नोंदीला तीन, शेजारच्या बाकावरच्या मुलाला चाळीस, कारण त्यांचे नातेवाईक खूप. तो रोज रात्री झोपण्यापूर्वी आकडा बघायला मागायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, मी वाईट लिहितो का? मी शाळेत सांगून पाहिलं, पण आकडे तसेच राहिले. आता बाई, तुम्ही सुरुवातीलाच ते आकडे बंद करू शकत असाल तर नक्की करा. कळकळीने सांगते.

आणि एक चांगलंही सांगते. त्याचे बाबा कामासाठी बाहेरगावी असतात. ते त्याची प्रत्येक नोंद वाचायचे आणि खाली एकच प्रश्न लिहायचे. कधी 'छान' म्हणायचे नाहीत. मुलाने लिहिलं, मी पतंगासारखा कागद उडवला. बाबा विचारायचे, शेपूट कशाचं लावलं होतंस? तो उत्तर लिहायला धावायचा. आकड्यांनी त्याचं जे खच्चीकरण झालं होतं ते या प्रश्नांनी थोडंफार भरून निघालं. पालकांना पहिल्या बैठकीतच सांगा की कौतुक करू नका, एक प्रश्न विचारा. आम्हालाही ते शिकावंच लागतं.

ग्रंथालयातली

दोघांची आई यांनी प्रश्नाचं सांगितलं तेच मी वर्गाच्या बाजूने सांगते. प्रतिसाद लिहिणं मुलांना आपोआप येत नाही, ते शिकवावं लागतं, आणि ब्लॉगवर नेण्याआधी कागदावर शिकवावं. मी ग्रंथालयाच्या तासाला पाच नोंदी मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावते आणि प्रत्येकाला तीन चिकटचिठ्ठ्या देते. चिठ्ठीवर 'छान' लिहायला परवानगी नाही. नोंदीतला एखादा शब्द उचलून त्याबद्दल लिहायचं, नाहीतर प्रश्न विचारायचा, नाहीतर स्वतःचा तसाच अनुभव सांगायचा. पहिल्या दिवशी मुलं दहा मिनिटं नुसती भिंतीसमोर उभी राहतात, कारण त्यांना पहिल्यांदाच नीट वाचावं लागतं. मला तर वाटतं ब्लॉगचा खरा फायदा या उभं राहून वाचण्यात आहे, लिहिणं त्याच्या मागून येतं.

आपापसातच वाचत राहिलं की काही दिवसांनी कंटाळा येतो. २०११ साली इंग्लंडमध्ये एक सोपी पद्धत सुरू झाली होती: चार वर्गांनी गट करायचा, दर आठवड्याला एका वर्गाची पाळी, आणि उरलेल्या तिघांनी त्या वर्गाचं लिखाण वाचून प्रतिसाद द्यायचे. चार आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. मी दुसऱ्या शाळांतल्या ओळखीच्या तीन शिक्षकांना धरून हे केलं. अनोळखी मूल प्रश्न विचारतं तेव्हा 'ती माझी मैत्रीण म्हणून छान म्हणाली' असं म्हणायला जागाच उरत नाही.

मुलांचं लिखाण गंभीरपणे घ्यावं हे सांगताना मला पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक आठवतात. त्यांनी १९२६ साली वॉर्सॉत मुलांनी लिहिलेलं वृत्तपत्र सुरू केलं. ते एका दैनिकाची साप्ताहिक पुरवणी म्हणून निघायचं. मुलं पत्रं पाठवायची, घरातल्या, शाळेतल्या, भावंडांच्या बारीकसारीक गोष्टी लिहायची, आणि ते छापलं जायचं. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू होईपर्यंत ते चाललं. तेरा वर्षं! मोठ्यांना क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर.

तुमच्या न बोलणाऱ्या मुलीबद्दल: तिला नोंद लिहायला सांगू नका. तिला काम द्या. माझ्याकडच्या अशाच एका मुलाला मी दुसऱ्यांच्या नोंदींसाठी चित्रं काढायला दिली होती. चित्र काढण्यासाठी त्याला नोंद दोन-तीनदा वाचावी लागायची, आणि लिहिणाऱ्याला विचारावं लागायचं, पेटी कुठल्या रंगाची होती? तेवढं बोलणं पुष्कळ होतं. तो पुढे लिहायला लागला की नाही हे सांगायला मी इथे आले नाही. तो त्या वर्गाचा होता, हे मात्र त्याला आणि बाकीच्यांना कळलं.

चौथीच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत आले आहे.

आकडे त्याच दिवशी काढून टाकले. ब्लॉग आता निवडक वाचकांसाठीच उघडतो. संमतीपत्रं ३१ आली, उरलेल्या तिघांचं लिखाण वर्गातल्या भिंतीवर लागतं आणि चिठ्ठ्याही तिथेच. ग्रंथालयातल्या ताईंनी सांगितलेला चिकटचिठ्ठ्यांचा तास घेतला, तो अक्षरशः हातातून सुटला होता. गोंधळ, ढकलाढकली, दोघांचं भांडण. दुसऱ्यांदा पाच-पाचजणांना पाठवलं, तेव्हा जमलं. व्याकरण वर्ग सरांची शंका मनात होतीच, म्हणून 'शेवटचं अक्षर दीर्घ' हा नियम पंधरा दिवस चालवला. अजून चुका आहेत, पण आता त्या मुलं शोधतात.

गेल्या आठवड्यात १४ नोंदी आल्या. सगळ्या चांगल्या नाहीत. दोन कुत्रे अजूनही इमानी आहेत. पण एकीने तिच्या बहिणीशी झालेल्या भांडणावर लिहिलंय आणि त्यात शेवटी समेट झालेला नाही, तसंच सोडलंय. मी ते तसंच जाऊ दिलं.

न बोलणारी मुलगी अजून लिहीत नाही. चित्रांचं काम तिला दिलं, तर तिने मान हलवून नाही म्हटलं. मग दोन दिवसांनी ती माझ्या टेबलाशी आली आणि संगणकाकडे बोट दाखवलं. आता इतरांच्या वह्यांवरून टाइप करण्याचं काम ती करते. फार सावकाश, पण एकही अक्षर बदलत नाही. काल एकाच्या वहीतला शब्द तिला लागला नाही, तर ती उठून त्याच्या बाकापाशी गेली आणि वहीवर बोट ठेवून उभी राहिली.

आणि मुंग्यांचा मुलगा. सोमवारी 'काय पाहिलं?' मध्ये त्याला उभं केलं, तो जे बोलला ते फळ्यावर लिहिलं, मग त्यानेच ते वहीत उतरवलं. तीनदा पडलेला नाकतोडा, खाली आलेल्या चार मुंग्या, सगळं आलं. दुसऱ्या शाळेतल्या एका वर्गाशी मी गट जमवला आहे. तिथल्या एका मुलाने खाली विचारलं: 'पण तो आत कसा गेला? भोक तर लहान असेल.'

याला उत्तर माहीत नव्हतं. तो दोन दिवस मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून होता. नाकतोडा केव्हाच गेलेला, पण त्याच भोकापाशी आता एक मेलेलं झुरळ आलं होतं. आज त्याने माझ्या शेजारी बसून उत्तर टाइप केलं. मी एकही अक्षर बदललेलं नाही:

'ते पूर्ण आत नेत नाहीत. आधी पाय तोडून नेले. मग एक पंख नेला, तो आडवा अडकला म्हणून उभा केला. पोट अजून बाहेर आहे. उद्या बघून सांगतो.'